मराठी स्त्रीनाटककार व नटी यांच्या कैफियती

मराठींत पहिलें नाटक कोणत्या स्त्रीनें लिहिलें, हा प्रश्न नाट्यवाङ्मयाचे अभ्यासक मधून मधून विचारीत असतात, आणि त्याला निरनिराळीं उत्तरें मिळतात. कोणी सोनाबाई चिमाजी केरकर यांचें नांव सांगतात, कोणी हिराबाई पेडणेकर यांचें. या उत्तरांत जो विरोध दिसतो तो वस्तुतः प्रश्नाच्या सैलपणामुळें होय. नाटक लिहिणें, तें छापून निघणें व तें रंगभूमीवर येणें, ह्या तीन भिन्न घटना असून तिहींचे पुरावेहि भिन्न ठिकाणीं सांपडतात : लिहिल्याचा हस्तलिखितांत, छापल्याचा मुखपृष्ठावर व सरकारी यादींत, प्रयोग झाल्याचा मंडळ्यांच्या जाहिरातींत, वह्यांत आणि प्रेक्षकांच्या आठवणींत. याशिवाय चौथा एक पुरावा आहे, आणि प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्याचाच विचार करावयाचा आहे. तो म्हणजे त्या स्त्रीनें स्वतः सांगितलेली हकीकत.

जुनीं दप्तरें हाताळणारांस हा प्रकार अपरिचित नाहीं. वतनाच्या अगर इनामाच्या तंट्यांत पक्षकार आपली बाजू मांडून देई, तिला आपण कैफियत म्हणतों. कैफियत खरी असते, पण ती एकाच बाजूची असते. ती सांगणारा एक असतो व पुष्कळदां लिहिणारा दुसरा असतो. आणि तिच्यांत जें आलें नाहीं तें कां आलें नाहीं, हेंहि पाहावें लागतें. नटींचीं व स्त्रीनाटककारांचीं आत्मवृत्तें आपण याच रीतीनें वाचलीं पाहिजेत असें आमचें म्हणणें आहे. आजवर त्यांच्या वांट्याला एक तर कुतूहल आलें किंवा कीव आली. छाननी आली नाहीं. छाननी करणें हाच कागदाचा खरा मान होय.

प्रथम सोनाबाईंकडे वळूं. त्यांचें ‘संगीत छत्रपति संभाजी’ हें नाटक इ. स. १८९६ मधील. त्याच वर्षीं टिळकांच्या पुढाकारानें रायगडावर शिवोत्सव झाला, आणि त्याच वर्षीं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचें ‘वीरतनय’ किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. या योगायोगावरून कार्यकारणाची इमारत उभारण्याची आवश्यकता नाहीं. पण एका स्त्रीला आपल्या नाटकाकरितां पुराण सोडून मराठ्यांचा इतिहास घ्यावासा वाटला, आणि त्यांतहि संभाजीमहाराजांचें अवघड चरित्र घ्यावेंसें वाटलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सोनाबाईंविषयीं आपल्याशीं बोलतें तें मुख्यतः पुस्तकाचें मुखपृष्ठ. तेव्हां अशा कर्त्रीच्या बाबतींत यादींचा आश्रय करावा लागतो. इ. स. १८६७ च्या पंचविसाव्या ॲक्टानें छापखानेवाल्यास प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारांत दाखल कराव्या लागत, आणि त्यांवरून मुंबई इलाख्यांत छापलेल्या पुस्तकांची त्रैमासिक यादी सरकारी गॅझेटाबरोबर प्रसिद्ध होई. तींत ग्रंथाचें नांव, कर्ता, छापखाना, प्रकाशक, पृष्ठें, आकार, आवृत्ति, किती प्रती छापल्या, किंमत काय, इतका तपशील असे. प्रतींची संख्या व किंमत हे दोन रकाने आपले लोक सहसा वाचीत नाहींत. परंतु पुस्तक हौसेनें छापलें कीं विक्रीच्या आशेनें, याचा कौल तेथेंच लागतो. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूचि’ १९४३ सालीं निघाली तेव्हांपासून १९३७ पर्यंतच्या छापील ग्रंथांचा शोध सुलभ झाला आहे. मात्र सूचि म्हणजे दप्तराची खतावणी, दप्तर नव्हे.

आणखी एक सावधगिरीची सूचना. केरकर व पेडणेकर हीं दोन्ही आडनांवें गोमंतकाकडे बोट दाखवितात. पण गोमंतकांत केरी नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत, आणि हिराबाई पेडणेकर यांचा जन्म पेडण्यास नव्हे, सावंतवाडीस झाला. आडनांवावरून मूळगांव ठरविण्याची आपली आवडती खोड येथें आवरती घ्यावी हें बरें.

संभाजीमहाराजांचा वध इ. स. १६८९ च्या मार्चांत झाला. त्याच वर्षींच्या एप्रिलांत लंडन शहरीं आफ्रा बेन ही बाई वारली. नाटकें लिहून त्यांवर पोट भरणारी इंग्रजींतील पहिली स्त्री म्हणून तिचें नांव सांगतात; वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारांत तिला पुरलें आहे. तिच्या नाटकांचीं सालें ठाऊक आहेत, पण तिच्या बालपणाविषयीं इंग्रज पंडितांचे वाद आजहि मिटले नाहींत, कारण नाटकें छापलीं गेलीं आणि आयुष्य छापलें गेलें नाहीं. छापखाना जेथें दोनशें वर्षें आधीं रुजला तेथें ही स्थिति, तर आपल्याकडील उणिवेबद्दल आश्चर्य करण्याचें कारण नाहीं.

हिराबाई पेडणेकर (१८८५–१९५१) यांची गोष्ट निराळी आहे. त्या नायकिणीच्या घराण्यांत जन्मल्या, मुंबईस वाढल्या, आणि गायनाचें शिक्षण त्यांस भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाकडून मिळालें. १९०४ सालीं त्यांनीं ‘जयद्रथविडंबन’ हें नाटक लिहिलें. जयद्रथानें वनवासांत द्रौपदीचें हरण केलें व भीमानें त्याची विटंबना केली, ही कथा महाभारताच्या वनपर्वांतील. पुढें ‘संगीत दामिनी’ हें नाटक केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनें रंगभूमीवर आणलें. १९१२ हें त्याचें साल. स्त्रीनें लिहिलेलें नाटक नांवाजलेल्या धंदेवाईक मंडळीनें घेणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. म्हणून छापण्याच्या दृष्टीनें अग्रमान सोनाबाईंकडे जात असला, तरी प्रयोगाच्या दृष्टीनें तो हिराबाईंकडे येतो, आणि दोघींच्या पुरस्कर्त्यांनीं भांडण्याचें कारण उरत नाहीं.

पण त्या प्रयोगाची एक बाजू आमच्या मतें पुरेशी लक्षांत घेतली गेलेली नाहीं. ललितकलादर्श ही त्या वेळीं पुरुषनटांची मंडळी होती. स्वतः केशवरावांनीं लहानपणीं देवलांच्या शारदेची भूमिका करून नांव मिळविलें होतें. म्हणजे नाटक लिहिणारी स्त्री, नाटकांतील नायिका स्त्री, आणि त्या दोघींच्या मध्यें उभा राहून नायिकेचे बोल बोलणारा मात्र पुरुष! हिराबाई स्वतः गाणाऱ्या होत्या. आपल्या नायिकेचें पद कसें म्हटलें जावें हें त्यांच्याइतकें कोणास कळलें असतें? तरी रंगभूमीवर जावयाचें तें त्यांच्या लेखणीनें, गळ्यानें नव्हे, अशी ती व्यवस्था होती. नायकिणीच्या घरचें गाणें ऐकावयास शिष्टांस अडचण नव्हती. अडचण होती ती त्याच बाईनें ग्रंथकर्त्री म्हणून बरोबरीनें बसण्याची. कोल्हटकर, गडकरी इत्यादि साहित्यिकांशीं त्यांचा परिचय होता. परिणामीं त्यांच्याविषयींची बरीचशी हकीकत त्या पुरुषांच्या चरित्रांच्या समासांत लिहिली गेली. कोणाची कोणावर प्रीति होती, याची चर्चा ‘दामिनी’च्या संवादरचनेच्या चर्चेहून अधिक झाली. उत्तरवयांत मुंबई सोडून त्या गुहागराजवळ पालशेत येथें राहिल्या, व तेथेंच १९५१ सालीं वारल्या. वसंत कानेटकरांनीं त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हें नाटक लिहिलें. नाटककर्ती दुसऱ्याच्या नाटकांतील पात्र झाली. कानेटकरांच्या कृतीला यानें उणेपणा येत नाहीं. परंतु आज सामान्य वाचकास हिराबाई ठाऊक असतात त्या पात्र म्हणून, कर्त्री म्हणून नव्हे. एखाद्या वतनाचा मूळ कागद गहाळ व्हावा आणि बखरींतील वर्णनावरच कारभार चालावा, तसें हें झालें आहे.

‘दामिनी’च्याच वर्षीं, म्हणजे १९१२ च्या सुमारास, बंगाल्यांत काय घडत होतें तें पाहिलें म्हणजे आपली उणीव नेमकी कोठें आहे हें कळेल. कलकत्त्यास बेंगॉल थिएटरानें १८७३ सालींच स्त्रियांच्या भूमिकांसाठीं नटी घेतल्या होत्या. त्या पिढींतील बिनोदिनी दासी हिनें रंगभूमि सोडल्यावर पंचवीस एक वर्षांनीं ‘आमार कथा’ हें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. तिचे गुरु गिरीशचंद्र घोष यांनीं त्याला प्रस्तावना लिहून दिली. ती बिनोदिनीला पसंत पडली नाहीं, कारण घडलेल्या साऱ्या गोष्टी तींत आल्या नव्हत्या असें तिचें म्हणणें. पक्षकारानें आपल्याच साक्षीदाराची साक्ष अपुरी म्हणून परत करावी, असाच हा मासला! आमच्या दृष्टीनें त्या ग्रंथाचें मोल या एका तक्रारीनें दुणावतें. सांगणारीला आपल्या हकीकतीचें प्रमाण कशांत आहे याची जाण होती, हें त्यावरून कळतें.

मराठींत अशी स्वतःची कैफियत स्वतःच्या हातीं लिहून ठेवणाऱ्या स्त्रीनाटककारांत गिरिजाबाई केळकर (१८८६–१९८०) यांस मोठें स्थान आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘बायकांचें बंड’ या नाटकास त्यांनीं ‘पुरुषांचें बंड’ (१९१३) हें नाटक लिहून उत्तर दिलें. नाटकाला नाटकानें उत्तर देणें हा वादाचा सर्वांत सभ्य प्रकार होय, आणि प्रतिपक्षीं खाडिलकरांसारखा कसलेला नाटककार व संपादक असतां तो पत्करण्यास धैर्य लागतें. पुढें त्यांचें ‘आयेषा’ (१९२१) व इतर नाटकें झालीं, आणि १९२८ सालीं मुंबईच्या मराठी नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. त्यांचें आत्मचरित्र ‘द्रौपदीची थाळी’ १९५९ सालचें. माहेरीं त्यांचें नांव द्रौपदी होतें हें माहीत नसेल त्यास या नांवांतील अर्धा अर्थ कळणार नाहीं : कधीं रिकामी न होणारी थाळी ही पुराणांतील, आणि ती जिच्या हातीं आहे ती द्रौपदी घरांतील.

गिरिजाबाई व हिराबाई या एकाच पिढींतल्या, वयानें एका वर्षाच्या अंतराच्या. एकीचें ‘दामिनी’ व दुसरीचें ‘पुरुषांचें बंड’ यांतहि अंतर सुमारें एका वर्षाचेंच. एक संमेलनाच्या अध्यक्षस्थानीं बसली, दुसरी कोंकणांतल्या खेड्यांत शांतपणें दिवस कंठीत राहिली. हा फरक प्रतिभेचा होता असें दाखविणारा पुरावा कोणीं पुढें आणलेला नाहीं. गिरिजाबाई प्रतिष्ठित घरांतील गृहिणी होत्या, न. चिं. केळकरांच्या भावजय होत्या, ‘गृहिणीभूषण’ लिहिणाऱ्या होत्या. त्यांच्या तोंडून आलेलें बंड समाजाला पेलण्याजोगें होतें. हें म्हणण्यांत त्यांचें श्रेय कमी करण्याचा हेतु नाहीं. पण कोणाची कैफियत दप्तरीं दाखल होते व कोणाची होत नाहीं, याला जात, घर आणि आश्रय हीं कारणें पेशवाईंत होतीं तशीं रंगभूमीच्या इतिहासांतहि आहेत, एवढें नमूद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

नाटककर्त्रींच्या मागोमाग नटींचा विचार येतो, कारण स्त्रीनें लिहिलेला शब्द स्त्रीच्या तोंडीं येण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या एकोणिसाव्या शतकांतहि होत्या. पण प्रतिष्ठित प्रेक्षकवर्गांत स्त्रीपुरुषांच्या मिश्र प्रयोगांस मान्यता मिळावी याकरितां झालेले दोन प्रयत्न विशेष प्रसिद्ध आहेत. हिराबाई बडोदेकर यांनीं १९२९ सालीं नूतन संगीत नाट्यशाखा काढली व बहिणींसह त्या ‘सौभद्रा’दि नाटकांत उभ्या राहिल्या. मंडळी थोड्याच वर्षांत बंद पडली. त्यानंतर १ जुलै १९३३ रोजीं मुंबईस रिपन थिएटरांत नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक केलें. त्यांत ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनीं स्त्रीभूमिका केल्या. नाटक श्री. वि. वर्तक यांनीं नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून रचलेलें. या दोन प्रयत्नांतला पहिला गायिकांच्या घरांतून झाला व दुसरा सुशिक्षित गृहस्थांच्या घरांतून. इतिहासग्रंथांत दुसऱ्याला जितकी पृष्ठें मिळतात तितकीं पहिल्याला मिळत नाहींत. वरील कारण येथेंहि लागू पडतें.

त्याहूनहि मागें जावयाचें तर दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई गोखले यांच्याकडे जावें लागेल. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) चित्रपटांत आईनें पार्वतीची व मुलीनें मोहिनीची भूमिका केली, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु कमलाबाईंचें आयुष्य गेलें तें बहुतांशीं रंगभूमीवर. त्यांनीं पुरुषांच्या भूमिकाहि केल्या. वारण्यापूर्वीं त्यांनीं आपली हकीकत रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या अनुबोधपटांत कॅमेऱ्यासमोर सांगितली. कागदाचे अभ्यासक अशा साधनाकडे नाक मुरडतात. तसें करूं नये. जुन्या कागदावर अक्षर न येणाऱ्या बाईची निशाणी बांगडी असे, व मजकूर दुसऱ्याच्या हातचा असे. येथें निदान आवाज तरी बाईचा स्वतःचा आहे, आणि कोठें ती थांबली, कोठें हंसली, हेंहि दिसतें.

याच कारणास्तव हंसा वाडकर यांचें ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) काळजीपूर्वक वाचावयास हवें. बाई मुख्यतः चित्रपटाच्या. तरी कलावंत स्त्रीच्या कैफियतींत या पुस्तकाचें नांव टाळतां येणार नाहीं. हकीकत त्यांची, शब्दांकन अरुण साधूंचें. जुन्या पत्राच्या शेवटीं ‘बिकलम’ म्हणून लेखकाचें नांव येई, त्याच जागीं साधूंचें नांव आहे असें समजावें. सांगणारीचा शब्द कोठें संपतो व लिहिणाराचा कोठें सुरू होतो, हें ठरविणें कठीण खरें. पण मोडी पत्रांत तें आपण नित्य करीतच असतों. बोलीचा ठसका, अनावश्यक वाटणारा तपशील, मध्येंच तुटलेला विषय, या खुणा बहुधा सांगणारीच्या. बांधेसूद परिच्छेद व मार्मिक शेवट या खुणा बहुधा लिहिणाराच्या. नंतरच्या काळांत दुर्गा खोटे यांचें ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२), विजया मेहता यांचें ‘झिम्मा’ (२०१२) असे ग्रंथ आले. सुषमा देशपांडे यांनीं तर १९८९ सालीं ‘व्हय मी सावित्रीबाई’ हें नाट्य स्वतः लिहून स्वतःच एकटीनें केलें. त्यांत सावित्रीबाई फुले प्रथमपुरुषीं बोलतात. हिराबाईंच्या नायिकेला जें मिळालें नव्हतें, म्हणजे लिहिणारी व बोलणारी एकच असणें, तें येथें आहे.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. प्रस्तुत लेखकाचें गांव कोन, कल्याण-भिवंडी रस्त्यावर खाडीला लागून. या हवेंत कागद टिकविणें म्हणजे कसर, वाळवी व दमट वारा या तिघांशीं एकाच वेळीं झुंजणें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचें. अशा जुन्या संस्था जवळ असल्यानें छापील पुस्तकांपुरता या भागांतील अभ्यासक निराधार नाहीं. नाटकाचीं खरीं साधनें मात्र ग्रंथालयांच्या कपाटांत क्वचितच शिरतात. प्रयोगाच्या वेळीं आण्या-दोन आण्यांस विकल्या जाणाऱ्या पद्यावल्या, हस्तपत्रकें, नटाच्या भूमिकेच्या नकला, यांना कोणी ग्रंथ म्हणत नाहीं. कांहीं वर्षांमागें एका रद्दीच्या दुकानांत आम्हांस जुन्या पद्यावल्यांचा एक गठ्ठा दिसला होता. दोरी करकचून बांधल्यामुळें वरचीं व खालचीं पानें झिजून गेलीं होतीं. आंतील कांहीं पुस्तकांचींहि मुखपृष्ठें नव्हतीं. पदें शाबूत होतीं, राग-ताल लिहिलेले होते, कर्त्याचें नांव नव्हतें. कर्ता पुरुष कीं स्त्री, हें सांगणारें पान तेवढेंच असतें, आणि तेंच पहिल्यानें जातें. दुसऱ्या दिवशीं पैसे घेऊन गेलों तों गठ्ठा कारखान्याकडे गेला होता.

अशा वस्तु हातीं आल्यास त्यांची नोंद कशी करावी याविषयीं आमची सूचना अशी. पद्यावली असल्यास मुखपृष्ठ प्रथम उतरून घ्यावें, किंमत व छापखाना यांसह. नक्कल असल्यास ती कोणत्या पात्राची, अक्षर एकाच हाताचें आहे कीं अनेक, कोणतीं वाक्यें खोडलीं आहेत व समासांत काय भर घातली आहे, हें जसेंच्या तसें लिहून काढावें. प्रयोगांत जें गळालें तें छापील प्रतींत असतें, आणि प्रयोगांत जें वाढलें तें छापील प्रतींत नसतें. कर्त्रीच्या मूळ शब्दांस मंडळीनें कोठें कात्री लावली, तें या दोहोंच्या ताळ्यांतूनच कळतें. ‘संगीत दामिनी’ची ललितकलादर्शांतील नक्कल, किंवा एखाद्या भूमिकेपुरतीं चार सुटीं पानें, कोणाच्या संग्रहीं असल्यास तीं छापील पुस्तकाशीं अक्षरशः ताडून पाहावीं, व खोडलेलीं पदें वगळूं नयेत.

कोन, तालुका भिवंडी.